उजाडेपर्यंत थांबण्याचा नियम

थंडीचे दिवस आले की पुण्या-मुंबईहून, नाशिकहून सायकलस्वारांचे गट ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ‘बीआरएम’ला, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, निघतात. एक अख्खी रात्र सायकलवर काढल्याखेरीज ही अंतरे सहसा पुरी होत नाहीत. त्यावर कोणी त्यांच्या धाडसाचे कौतुक करतो, तर कोणी ‘रात्री हायवेवर मरायला कशाला जातात’ म्हणून वैतागतो. जिवावर उदार होऊन केलेला हा उद्योग आहे, असे दोघेही धरून चालतात. बीआरएमचे नियम वाचले तर हा समज टिकत नाही. शिवाय ते नियम हौशी गटांपुरतेच राहिले, तर ज्याला त्यांची खरी गरज आहे तो, पोटासाठी रोज रात्री सायकल मारणारा माणूस, अंधारातच राहील. मला काळजी आहे ती त्याची.

हे नियम ‘ऑडॅक्स क्लब पॅरिझियन’ या फ्रेंच संस्थेचे. भारतात ‘ऑडॅक्स इंडिया रॅंडोनर्स’ ते राबवते. इथे पहिला-दुसरा नंबर काढला जात नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास, एवढ्या वेळेत पोचायचे. ताशी २२ किलोमीटरने चालवणाऱ्याला ६०० किलोमीटरसाठी सव्वासत्तावीस तास लागतात, म्हणजे खाणे, पंक्चर आणि झोप यांसाठी बारा तासांहून अधिक वेळ हाताशी उरतो. घाटांत तो घटतो, तरी ढाब्यावरच्या खाटेवर दोन-तीन तास पाठ टेकण्याइतका नक्कीच राहतो. दिव्यांच्या बाबतीत मात्र कसलीच सवलत नाही. पुढचा आणि मागचा दिवा सायकलला घट्ट बसवलेला हवा, अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चालू हवा, अंगात चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट हवे. गटात असलात तरी प्रत्येकाचा दिवा चालू पाहिजे. पुढच्याच्या उजेडावर मागच्याने निभावून न्यायचे नाही. दिवा बंद पडला आणि जागेवर दुरुस्त झाला नाही, तर उजाडेपर्यंत तिथेच थांबायचे. नियम मोडणारा बाद. म्हणूनच मुरलेले स्वार मागे एकाऐवजी दोन दिवे लावतात. रात्री खंबाटकी घाट चढणाऱ्या अशा गटाच्या मागून येणाऱ्या ट्रकचालकाला आधी लाल ठिपके दिसतात, मग हेडलाइटच्या झोतात जाकिटांचे पट्टे उजळतात आणि घोट्यांना पट्ट्या बांधलेल्या असतील तर त्या पायडलबरोबर वर-खाली होताना दिसतात. त्या वर-खाली होण्यावरूनच पुढे सायकल आहे हे त्याला दुरून कळते आणि वेग कमी करायला अवधी मिळतो. धाडसाचा इथे फारसा संबंध येत नाही. जीव वाचतो तो आधी दिसल्यामुळे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग पाडले तर सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत झाले. यावरून मध्यरात्र सुरक्षित ठरत नाही, कारण तेव्हा रहदारीच कमी असते. पण सहा ते नऊ या वेळेत सायकलवर कोण असते ते पाहा. एमआयडीसीतून घरी निघालेला कंत्राटी कामगार, रात्रपाळीला जाणारा वॉचमन, शिकवणी संपवून शेजारच्या गावी परतणारी मुलगी. यांच्या सायकलींना बहुतेक वेळा मागे दिवा नसतो. एखादा लाल रिफ्लेक्टर असतो आणि तोही चिखलाने माखलेला. एकेकाळी पुण्यात बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस हटकून अडवायचे आणि टायरवर घासणारा डायनॅमो घरोघरच्या सायकलींना असायचा. मोटारसायकली आल्या, सायकल गरिबाची झाली आणि तिच्या दिव्याची फिकीर कोणालाच उरली नाही.

पैसेवाल्यांच्या छंदाचे नियम कामगाराला कशाला, असा आक्षेप येईल. महागडी सायकल आणि हेल्मेट हा छंदाचा भाग, हे मान्य. पण चार्जिंगचा मागचा दिवा काही शे रुपयांत मिळतो. तो कामगाराने घ्यावा असा दंडुका मात्र उगारू नये, कारण दंडाची पावती त्याच्या दिवसभराच्या मजुरीतून जाईल. दिवा द्यावा कारखान्याने, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीने, आणि मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकल देताना शासनाने. हायवे सायकलसाठी नाहीच, असेही म्हटले जाते. द्रुतगती मार्गापुरते ते खरे आहे आणि तिथली बंदी योग्यच आहे. इतरत्र मात्र गाव आणि एमआयडीसी यांना जोडणारा रस्ता पुष्कळदा तेवढा एकच असतो, आणि सेवा रस्ता असला तरी पुलापाशी संपतो. तिथून पुढे सायकलवाल्याने कुठून जायचे?

सगळा भार सायकलवाल्यावर का, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. बीआरएमचे हे थंडीचे दिवस म्हणजेच उसाच्या गाळपाचा हंगाम. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्याबाहेर आलेली उसाची टोके, आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, असे दृश्य रात्री नवे नाही. या ट्रॉल्यांवर आदळून दुचाकीवाले दरवर्षी जीव गमावतात. रिफ्लेक्टर चिकटवण्याच्या मोहिमा होतात, फोटो छापून येतात. धूळ-चिखलात पट्ट्या गेल्या की पुन्हा तेच. साखर कारखान्यात येणारी प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर थांबते. मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर तिथेच तपासावेत, नसतील तर कारखान्याने ते बसवून मगच ट्रॉली परत रस्त्यावर सोडावी. साखर आयुक्तालय गाळप परवाना देताना ही अट घालू शकते. येत्या हंगामाचे परवाने निघण्यापूर्वी सायकल क्लबांनी हीच मागणी घेऊन आयुक्तालयाच्या दारात जावे.