पोटमाळ्यावर झोपायची सोय करताय? आधी टेप घ्या

मुलगी दहावीला गेली की चाळीतल्या घरात एक विषय हमखास निघतो. पोटमाळ्यावरच्या पेट्या, जुन्या गाद्या आणि गणपतीचं मखर हलवून तिथे तिच्या अभ्यासाची, झोपायची सोय करता येईल का? रील्समध्ये हे काम एका मिनिटात होतं. घरात मात्र सुरुवात उंची मोजण्यापासून करावी लागते.

१२ फूट उंच खोली घ्या. खाली साडेसहा फूट सोडले, पोटमाळ्याची जाडी पाच इंच धरली, तर वर उरतात जेमतेम पाच फूट. तिथे बसता येतं, झोपता येतं, उभं राहता येत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार माळा ही जास्तीत जास्त १.५ मीटर उंचीची, सामान ठेवण्याची जागा आहे. मेझनाइन मजला करायचा तर किमान २.२ मीटर, म्हणजे सुमारे सव्वासात फूट उंची हवी. त्यासाठी मूळ खोलीच १४ फुटांहून उंच लागते. नऊ-दहा फुटांच्या फ्लॅटवाल्यांनी हा नाद सोडून बंक बेड घ्यावा.

खरी मेख वजनात आहे. राहत्या घराच्या मजल्याचं डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. १० बाय ६ फुटांच्या पोटमाळ्याला हे होतात जवळपास १,१०० किलो. लोखंड आणि प्लायचं वजन वेगळं. हा भार जाणार कुठे, एवढा एकच प्रश्न फॅब्रिकेटरला विचारा. ‘भिंतीत अँगल ठोकतो’ असं उत्तर आलं, तर काम तिथेच थांबवा. मुंबईतल्या अनेक जुन्या चाळींमध्ये भार लाकडी सांगाडा पेलतो आणि विटा मध्ये नुसत्या भरलेल्या असतात. चार लोखंडी खांबांवर स्वतंत्र सांगाडा उभा केला, तरी वरच्या मजल्यावर तो भार चार ठिकाणी एकवटतो आणि खाली शेजारी झोपलेले असतात. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरची फी वाचवू नका. घरमालकाची किंवा सोसायटीची नुसती तोंडी संमतीही पुरत नाही, पालिकेची परवानगी लागते का ते आधी विचारा.

जिन्याचं गणितही असंच फसवं. घरगुती जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच आणि २५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद नसावी. सात फूट चढायला असा जिना केला तर तो आडवी नऊ फूट जागा खातो, म्हणजे खोलीच संपली! म्हणून सगळे उभी शिडी लावतात. निदान ती तिरकी ठेवा, घट्ट बसवा, कठडा लावा. आणि आजीचं अंथरूण खालीच राहू द्या.

उकाडा वरच साठतो. पत्र्याचं छत असेल तर मे महिन्यात दुपारी वर कोणी टिकत नाही. वरून पांढरा उष्णतारोधक रंग आणि आतून फॉल्स सीलिंग केलं तर थोडा दिलासा मिळतो, पण सीलिंगमुळे आणखी दोन-चार इंच उंची जाते. वर छताचा पंखा लावायचा विचारही नको. परळला मामांकडे पोटमाळ्याला लागूनच फिरणाऱ्या पंख्याची धास्ती मला अजून आठवते. भिंतीवरचा पंखा आणि उंचावर एक एक्झॉस्ट पुरेसा.

माझी सगळ्यात मोठी हरकत धुराला आहे. खाली स्वयंपाकाचा ओटा किंवा चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी असेल आणि रात्री काही पेटलं, तर धूर आधी छताखाली साठतो. वर झोपलेल्या माणसापर्यंत तो जागं व्हायच्या आत पोहोचतो आणि उतरायची शिडी नेमकी आगीच्या बाजूला असते. वरून गॅलरीत किंवा खिडकीतून बाहेर पडायची दुसरी वाट नसेल, तर तिथे रात्री कोणाला झोपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सामान वरच ठेवा, मखरही. मुलीचं टेबल खाली खिडकीशी लावा आणि टीव्ही मार्चपर्यंत बंद.