युद्ध युक्रेनमध्ये, मग अमेरिकेतल्या छंदवाल्यांची पावडर का संपली?

अमेरिकेत हजारो नेमबाज आणि शिकारी स्वतःची काडतुसं घरीच भरतात. रिकामं पितळी केस, प्रायमर, पावडर आणि पुढची धातूची गोळी, एवढंच सामान. (आपल्याकडे परवान्याशिवाय हे केलं तर आर्म्स ॲक्ट, १९५९ खाली थेट गुन्हा.) २०२४ मध्ये या मंडळींची गाडी अडली. अलायंट या मोठ्या ब्रँडने किरकोळ डब्यांचा पुरवठाच थांबवला. कारण दिलं नायट्रोसेल्युलोजच्या टंचाईचं.

तुम्ही म्हणाल, एक ब्रँड नाही तर दुसरा घ्यावा. इथेच तर गोम आहे.

आजची पावडर बंद काडतुसात एकदम फुटत नाही, ती जळते. किती वेगाने, हे दाण्याचा आकार आणि त्यावरचा लेप ठरवतात. पिस्तुलाची नळी आखूड आणि केस छोटं, म्हणून तिथे झपाट्याने जळणारी पावडर लागते. रायफलच्या जड गोळीला मात्र सावकाश जळणारी हवी. जड गोळी जागची हलायला वेळ लावते. तेवढ्यात पावडर भसकन जळून गेली तर वायूला जागाच मिळत नाही, दाब चढतो आणि बंदूक तोंडासमोर फुटू शकते. म्हणजे हे मोबाईलच्या चार्जरसारखं नाही, की पिन बसली म्हणजे झालं. गोळी बदलली की हिशोब बदलतो, आणि तो पावडर बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्यायचा असतो, अंदाजाने नाही.

आता युद्धाचा संबंध. रायफलच्या काडतुसात साधारण दीड ते तीन ग्रॅम पावडर जाते. १५५ मिमी तोफेच्या पूर्ण चार्जला दहा किलोच्या आसपास. तोफेचा एक बार म्हणजे हजारो काडतुसं! आणि कच्चा माल दोन्हीकडे एकच, नायट्रोसेल्युलोज. शिवाय डब्यावर ब्रँड अमेरिकी असला तरी आतला माल कुठलाही असू शकतो. हॉजडनची लोकप्रिय व्हारगेट पावडर ऑस्ट्रेलियातल्या मुलवालाच्या कारखान्यात बनते. तोच कारखाना ऑस्ट्रेलियन सैन्यालाही माल देतो. अशा ठिकाणी छंदवाल्याचा नंबर शेवटी लागणार, हे उघड आहे.

नायट्रोसेल्युलोज बनतं मुख्यतः कापसाच्या लिंटरपासून. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहतो ना, तो बारीक तंतू. विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. युरोपचा हा लिंटर बराचसा चीनमधून येतो. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने दारूगोळ्यासाठी ५० कोटी युरो जाहीर केले, त्यातले सुमारे तीन चतुर्थांश पावडर आणि स्फोटकांकडे वळवले. माझ्या मते ही खरी कबुली होती: अडचण गोळ्याच्या पोलादात नाही, आतल्या पावडरीत आहे.

पैसे ओतले म्हणून हे कारखाने सहा महिन्यांत उभे राहत नाहीत. काम जीवघेणं आहे. भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत २४ जानेवारी २०२५ ला झालेला स्फोट आठवा. कामगार गेले त्यात. त्यामुळे नवी क्षमता यायला वर्षं लागतात, आणि तोवर जो माल तयार होईल तो आधी तोफांकडे जाईल.