भरलेले मैदान, रिकामी मतपेटी

निवडणूक जाहीर झाली की आपल्याकडे दोन मोजण्या सुरू होतात. पहिली मैदानात होते, दुसरी मतमोजणी केंद्रात. पहिल्या मोजणीत प्रत्येक पक्ष जिंकतो, दुसरीत एकच उमेदवार जिंकतो. तरीही मधल्या काळात चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानापर्यंत चर्चा चालते ती पहिल्याच मोजणीची. कुणाच्या सभेला किती लाख, कुणाच्या खुर्च्या रिकाम्या, कुणाच्या रॅलीने रस्ता किती तास बंद. आमचे म्हणणे असे की, सभेची गर्दी हा उमेदवाराच्या पाठिंब्याचा पुरावा मानणे सोडून दिले पाहिजे. आणि हे काम इतरांच्या आधी आपण, मराठी मुसलमानांनी, करायला हवे. कारण या समजुतीची किंमत आपल्याइतकी दुसऱ्या कुणी क्वचितच मोजली असेल.

आधी आकड्यांचाच हिशेब करू. मुंबईच्या शिवाजी पार्कवर ‘पाच लाखांची विराट सभा’ झाल्याचे आपण किती वेळा वाचले आहे! हे मैदान सुमारे २८ एकरांचे. म्हणजे १२ लाख चौरस फुटांहून थोडे अधिक. गर्दी मोजण्याची एक साधी रीत अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्ज यांनी १९६० च्या दशकात घालून दिली. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार. या हिशेबाने अख्खे मैदान कुंपणापासून कुंपणापर्यंत भरले, तरी सैल गर्दीत सव्वा लाख आणि दाट गर्दीत पावणेतीन लाख माणसे मावतात. त्यातून व्यासपीठ, त्यासमोरची सुरक्षेची मोकळी जागा, बांधकामे, येण्याजाण्याच्या वाटा वजा करा. खुर्च्या मांडल्या तर आणखी जागा जाते. मग पाच लाखांतली उरलेली माणसे उभी कुठे राहिली? ती वक्त्याच्या भाषणात आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात उभी राहिली. हा गुणाकार-भागाकार सातवीतले पोर करू शकते. पण आपण तो करत नाही, कारण आकडा आपल्या आवडत्या नेत्याचा असेल तर तो खरा वाटावा अशीच आपली इच्छा असते.

निवडणूक आयोगाचा व्यवहार या बाबतीत मोठा बोलका आहे. आयोगाची व्हिडिओ पथके सभेत चित्रीकरण करतात, तेव्हा ती पाठिंबा मोजत नाहीत. ती खुर्च्या, वाहने, फलक, मंडप मोजतात. कारण आयोगाच्या लेखी सभा हा खर्च आहे, आणि तो उमेदवाराच्या हिशेबात धरायचा आहे. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख अशी मोठ्या राज्यांसाठीची खर्चमर्यादा २०२२ साली ठरली. ज्या गोष्टीला आयोग खर्च म्हणतो, तिलाच आपण जनमत म्हणत बसलो आहोत.

मुळात ही गर्दी येते कुठून? सभेला येणाऱ्यांत पक्षाचे खरे कार्यकर्ते असतात, यात शंका नाही. पण त्यांच्याबरोबर टेम्पोत बसवून आणलेला मजूरही असतो. दिवसाची रोजी बुडणार नाही आणि दुपारचे जेवण मिळेल, एवढाच त्याचा सौदा असतो. सरपंचाने निरोप धाडला म्हणून आलेल्या बचत गटाच्या बाया असतात. हेलिकॉप्टर बघायला आलेली पोरे असतात, त्यांचे अजून मतदानाचे वयही झालेले नसते. विरोधी पक्षाचा माणूसही ‘हा काय बोलतो ते ऐकू’ म्हणून कडेला उभा असतो. शिवाय सभेला दहा तालुक्यांतून माणसे आणता येतात, पण मत मात्र ज्याच्या त्याच्या गावातच पडते. मैदानात एकवटलेला लाखाचा समुदाय मतदानाच्या दिवशी शेकडो बूथवर विखुरतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती. एका केंद्रावर बसणारा, यादी हातात धरून नावे पुकारणारा कार्यकर्ता ज्याच्याजवळ नाही, त्याचे मैदान भरून उपयोग काय?

ही केवळ तर्काची गोष्ट नाही, निकाल समोर आहेत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी स्वतःचा एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्यांनी सत्ताधाऱ्यांविरुद्ध घेतलेल्या सभा त्या वर्षीच्या सर्वांत गाजलेल्या सभा ठरल्या. लोक पोटभर हसले, टाळ्या पिटल्या, घरी जाऊन मोबाईलवर पुन्हा पाहिले. निकाल लागला तेव्हा ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीच्या पदरात होत्या. नांदेड आणि सोलापूर या दोन्ही ठिकाणी सभा झाल्या होत्या. तिथे अशोक चव्हाण आणि सुशीलकुमार शिंदे, दोघेही माजी मुख्यमंत्री, पराभूत झाले. सातारा आणि रायगड राष्ट्रवादीकडे गेले, हेही खरे. पण त्याचे श्रेय सभांना द्यायचे, तर नांदेड-सोलापूरचे अपश्रेयही त्यांनाच द्यावे लागेल.

राज्याबाहेरही हेच दिसते. चित्रपट अभिनेते चिरंजीवी यांनी ऑगस्ट २००८ मध्ये तिरुपतीला प्रचंड सभा घेऊन प्रजा राज्यम पक्ष काढला, तेव्हा आंध्रात सत्तांतर झालेच असे वातावरण होते. २००९ च्या निवडणुकीत २९४ पैकी १८ जागा मिळाल्या. खुद्द चिरंजीवी दोन जागी उभे होते, त्यांतली एक हरले. २०११ मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. बंगालमध्ये २८ फेब्रुवारी २०२१ रोजी डावे पक्ष, काँग्रेस आणि अब्बास सिद्दिकी यांचा इंडियन सेक्युलर फ्रंट यांनी कोलकात्याचे ब्रिगेड मैदान भरून दाखवले. दोनच महिन्यांनी निकाल आला. डाव्यांना शून्य, काँग्रेसला शून्य, आणि फ्रंटला एकुलती एक भांगरची जागा.

आमच्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण मुशायऱ्याचे आहे. इम्रान प्रतापगढी हे मुशायऱ्यांतून घराघरांत पोहोचलेले नाव. त्यांच्या नावावर रात्रभर मैदाने भरतात. २०१९ मध्ये काँग्रेसने त्यांना मुरादाबादमधून लोकसभेला उभे केले. सुमारे ५९ हजार मते मिळाली आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पुढे २०२२ मध्ये ते राज्यसभेवर गेले, तेही आपल्या महाराष्ट्रातून, आमदारांच्या मतांवर. ज्या श्रोत्याने ‘वाह वाह, मुकर्रर’ म्हणून शेर पुन्हा म्हणायला लावला, त्याच श्रोत्याने मत दुसऱ्याला दिले. त्यात त्याने काही बेइमानी केली नाही. दाद शेराला होती, मत त्याच्या जगण्यामरण्याच्या हिशेबाचे होते. तकरीर ऐकणे आणि मत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सामान्य मतदाराला नेत्यांपेक्षा चांगले कळते.

कधी कधी गर्दी खरीच असते, तरी जागा मिळत नाही. वंचित बहुजन आघाडीच्या औरंगाबादच्या २ ऑक्टोबर २०१८ च्या आणि शिवाजी पार्कच्या २३ फेब्रुवारी २०१९ च्या सभेला लोक भाड्याने आले होते, असे कुणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. दलित आणि मुस्लिम तरुण स्वतःच्या खिशातून तिकीट काढून आले होते. त्यांची मतेही पडली. ‘वंचित’ला राज्यात जवळपास सात टक्के मते मिळाली, पण जागा एकही नाही. प्रकाश आंबेडकर अकोला आणि सोलापूर दोन्हीकडे हरले. सोबतच्या एमआयएमचे इम्तियाज जलील मात्र औरंगाबादेतून ४,४९२ मतांनी निवडून आले. आपल्या पद्धतीत एका मतदारसंघात एकवटलेले मतच जागा देते. राज्यभर पसरलेला पाठिंबा मैदानात एकत्र दिसतो, मतमोजणीत तो तुकड्यातुकड्यांनी बुडतो.

यावर कुणी म्हणेल, मग १९५७ चे काय? संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना लोटणारा जनसमुदाय खोटा होता काय? नव्हता. शाहीर अमर शेख यांचा डफ वाजला की जी माणसे जमत, त्यांनी त्या वर्षीच्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजले. तसेच ६ फेब्रुवारी १९७७ चे. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती, आणि त्याच दिवशी दूरदर्शनने ‘बॉबी’ चित्रपट दाखवला. लोकांनी घरबसल्याचा चित्रपट सोडून मैदान गाठले आणि पुढच्याच महिन्यात खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. ही उदाहरणे आम्ही नाकारत नाही. पण त्यांत एक खूण समान आहे. ती गर्दी सत्तेने आणलेली नव्हती, ती सत्तेला न जुमानता आलेली होती. येण्यात तोटा होता, धोका होता, तरी माणसे आली. गर्दीचा आकार काही सांगत नाही. येणाऱ्याने काय सोसले, हे मात्र थोडेफार सांगते. ज्या सभेला येण्यासाठी गाडी, टोपी, पाण्याची बाटली आणि जेवण मिळते, त्या सभेची तुलना १९५७ शी करणे हा त्या जुन्या माणसांचा अपमान आहे.

आणि गर्दीची हौस दरवेळी फुकट पडते असेही नाही, कधी ती जीव घेते. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तामिळनाडूत करूर येथे अभिनेते विजय यांच्या पक्षाच्या सभेत चेंगराचेंगरी झाली आणि ४१ माणसे मेली. त्यांत लहान मुलेही होती. आकडा फुगवण्याची स्पर्धा लागली की माणूस आकडाच होतो, मेल्यावरसुद्धा.

आता आपल्याविषयी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत. स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या कोणत्याही पक्षाची सभा पाहा, पुढच्या रांगांत टोप्या आणि बुरखे दिसतील अशी व्यवस्था असते. कॅमेरा तिथेच फिरतो. उमेदवारांच्या यादीत मात्र आपण दिसत नाही. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. त्याच वर्षीच्या विधानसभेत २८८ पैकी १० मुस्लिम आमदार निवडून आले. मैदानात आपली मोजदाद हौसेने होते, तिकीट वाटताना होत नाही. का व्हावी? जो समाज एका हाकेसरशी मैदान भरून देतो, त्याच्याकडे मागण्यासारखे नेत्याला काही उरत नाही. त्याचे छायाचित्र मिळाले, काम झाले.

याच्या उलट धुळ्याचा २०२४ चा लोकसभा निकाल पाहा. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. एकट्या मालेगाव मध्यने त्यांना सुमारे १ लाख ९४ हजारांचे मताधिक्य दिले, उरलेल्या पाच विधानसभा क्षेत्रांची बेरीज त्यांच्या विरोधात होती. हा निकाल एखाद्या जलशात ठरला नाही. तो मे महिन्याच्या उन्हात बूथवर रांगा लावलेल्या यंत्रमाग कामगारांनी आणि त्यांच्या घरातल्या स्त्रियांनी ठरवला. या मतदानाला पुढे ‘व्होट जिहाद’ असे नाव ठेवण्यात आले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपण मैदानात गर्दी केली तेव्हा कुणाला भीती वाटली नाही. आपण रांगेत उभे राहिलो तेव्हा वाटली. विरोधकाला खरी ताकद कुठे आहे हे बरोबर कळते, दुर्दैवाने आपल्याच पुढाऱ्यांना कळत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मालेगाव मध्यची विधानसभेची जागा १६२ मतांनी ठरली. चार एसटी गाड्यांत मावतील एवढी माणसे! औरंगाबाद पूर्वमध्ये इम्तियाज जलील २,१६१ मतांनी हरले. अशा ठिकाणी एका मोहल्ल्यातली यादीतून गळालेली नावे, कामासाठी परगावी गेलेली पोरे, लग्न होऊन आलेली आणि नाव न नोंदवलेली सून यांची बेरीज कोणत्याही सभेपेक्षा मोठी ठरते. २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी झाली, तेव्हा प्रारूप यादीत आधीची सुमारे ६५ लाख नावे नव्हती. त्याविरुद्ध ऑगस्टमध्ये राहुल गांधींनी मतदार अधिकार यात्रा काढली. रस्ते माणसांनी फुलून गेले. नोव्हेंबरच्या निकालात काँग्रेसला २४३ पैकी ६ जागा मिळाल्या. पराभवाची कारणे अनेक असतील. पण यादीची लढाई रस्त्यावरच्या गर्दीने भरून निघत नाही, एवढे तरी यातून शिकता येईल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आपल्या वस्तीत सभेसाठी गाड्या ठरवायला जो पुढारी येईल, त्याला तीन प्रश्न विचारा. या मोहल्ल्याच्या यादीतून किती नावे गळाली आहेत, ती ठाऊक आहेत काय? नमुना सहाचे किती अर्ज तुम्ही भरून घेतले? आणि तुमच्या पक्षाच्या उमेदवार यादीत आमचे नाव कितवे आहे? उत्तर मिळाले तर सभेला अवश्य जा, ऐका, टाळ्याही वाजवा. नाही मिळाले तर त्या दिवशी घरी राहा, कामावर जा, रोजी बुडवू नका. त्याचे मैदान थोडे रिकामे राहू द्या. आपण मतदार आहोत हे त्याला त्या रिकाम्या खुर्च्याच सांगतील.