तारतम्य : दोन शिड्यांची गोष्ट

या खेपेस आम्हीं जो विषय घेतला आहे, तो पाहून कित्येक वडीलधारे वाचक कपाळास आठ्या घालतील. परंतु ज्या गोष्टीपायीं घरांतलें मूल भरल्या ताटावरून उठतें, ती क्षुल्लक म्हणून सोडून देणें गृहस्थास शोभत नाहीं, असें आमचें मत आहे.

घडलें तें असें. आमचा नातू नववींत आहे. गेल्या महिन्यांत एके रात्रीं तो अर्ध्या जेवणावरून उठून गेला. आईनें कारण विचारलें, तेव्हां उत्तर आलें, "माझें रेटिंग दोन हजारांवरून अठराशेंवर आलें." सूनबाईंचें म्हणणें पडलें कीं, मोबाइल कपाटांत ठेवून कुलूप घालावें. आमच्या धाकट्या बंधूंचें म्हणणें, हल्लींचीं मुलेंच नाजूक. दोघांचेंही ऐकून घेऊन आम्ही नातवास म्हणालों, "बाळ, आधीं हा खेळ मला नीट समजावून सांग, निवाडा मागाहून करूं." पुढील चार संध्याकाळीं नातू मास्तर झाला आणि आजोबा विद्यार्थी झाले.

या खेळाचें नांव पोकेमॉन. जपानांतील सातोशी ताजिरी हे गृहस्थ लहानपणीं तोक्योजवळील माचिदा येथें किडे पकडून जमवीत असत. त्याच छंदांतून त्यांस ही कल्पना सुचली व १९९६ सालीं निंटेंडो कंपनीच्या गेम बॉय या हातांत मावणाऱ्या यंत्रावर पहिला खेळ निघाला. त्यांत १५१ जातींचे काल्पनिक प्राणी होते. ते पकडावयाचे, जमवावयाचे आणि लढतींतून तयार करावयाचे, हें खेळाचें सार. प्रत्येक प्राण्यास एक ते शंभर अशा पायऱ्या असतात. लढत जिंकली कीं अनुभवगुण मिळतात आणि ते पुरेसे सांठले कीं प्राणी एक पायरी वर चढतो.

पायऱ्यांचें गणित मोठें मार्मिक आहे. पुष्कळशा जातींस जितकी पायरी गांठावयाची, तिच्या घनाइतके गुण लागतात. दहाव्या पायरीस १,०००, पन्नासाव्या पायरीस १,२५,००० आणि शंभराव्या पायरीस १०,००,०००. म्हणजे पन्नासाव्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलास वाटतें कीं अर्धा डोंगर चढून झाला. परंतु श्रमांच्या हिशेबानें तो अष्टमांशच झालेला असतो. विद्येचा मार्गही असाच आहे, हें ज्यानें व्याकरण पाठ केलें आहे त्यास सांगावयास नको.

आणखी एक नियम आम्हांस फार आवडला. मित्राकडून अदलाबदलीनें घेतलेला बलाढ्य प्राणी नवख्या खेळाडूचें ऐकत नाहीं. खेळांत ठिकठिकाणच्या आठ गुरूंस जिंकून आठ बिल्ले मिळवावयाचे असतात. पहिल्या खेळांत दुसरा बिल्ला मिळाला म्हणजे तिसाव्या पायरीपर्यंतचे असे प्राणी आज्ञा पाळतात, चौथा मिळाला म्हणजे पन्नासाव्या पायरीपर्यंतचे, आणि आठवा मिळाल्यावर सर्व. उसन्या बळावर पुढें जातां येत नाहीं, हा धडा येथें उपदेशावांचून मिळतो. तसाच मॅजिकार्प नांवाचा एक मासा आहे. तो आरंभीं नुसता तडफडतो, दुसरें कांहीं त्यास येत नाहीं. तोच विसाव्या पायरीस ग्याराडोस नांवाचा प्रचंड जलचर होतो. दहाव्या पायरीवर त्याची परीक्षा घेऊन त्यास शेवटचा क्रमांक देणारा परीक्षक किती चुकला असता!

ही झाली पहिली शिडी. तिचें लक्षण असें कीं, चढलेली पायरी कोणी हिरावून घेत नाहीं. शेजारी पुढें गेला म्हणून आपण मागें येत नाहीं.

आमचा नातू खेळतो तो पोकेमॉन गो. हा २०१६ सालीं निघाला आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत आपल्या देशांत रीतसर आला. यांत खेळाडूसही पायऱ्या आहेत. आरंभीं चाळिसाव्या पायरीस एकूण २ कोटी गुण लागत. पुढें २०२० सालीं ही शिडी पन्नासपर्यंत व २०२५ सालीं ऐंशीपर्यंत वाढविण्यांत आली. हीदेखील पहिल्याच जातीची. परंतु २०२० सालीं त्यांत बॅटल लीग सुरू झाली, आणि तिच्याबरोबर दुसरी शिडी आली. तेथें तीन प्राणी घेऊन अनोळखी माणसाशीं लढावयाचें. जिंकलें कीं मानांक वाढतो, हरलें कीं उतरतो. २०००, २५००, २७५० व ३००० या मानांकांस एस, व्हेटरन, एक्स्पर्ट व लेजंड अशा पदव्या आहेत. हंगाम संपला कीं पुनः खालून आरंभ.

अशा चढउताराच्या मानांकाची कल्पना बुद्धिबळांतून आलेली आहे. हंगेरींत जन्मलेले व अमेरिकेंत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले आर्पाद एलो यांनीं ती पद्धति बसविली. १९६० सालीं अमेरिकेच्या बुद्धिबळ संघानें आणि १९७० सालीं जागतिक संघानें ती स्वीकारली. दोघांच्या मानांकांत दोनशेंचा फरक असेल, तर वरच्यानें चार डावांत सुमारें तीन गुण मिळवावे, अशी ती अपेक्षा बांधते. अपेक्षेहून अधिक केलें तर मानांक वाढतो, उणें केलें तर घटतो. बलिष्ठास हरविल्यास लाभ मोठा, दुबळ्यास हरविल्यास अल्प.

यावरून जें निघतें, तें मुलांस कोणी सांगत नाहीं. ही पद्धति प्रत्येकास त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी शोधून देते. तोडीस तोड मिळाला म्हणजे निम्म्या लढती हरावयाच्याच. तुम्ही सुधारलां, तर प्रतिस्पर्धीही अधिक बलवान् मिळतो आणि हार पुनः निम्म्यावर येते. म्हणजे आमच्या नातवाची हार हें त्याच्या नालायकीचें चिन्ह नसून ती शिडी बरोबर चालल्याचें चिन्ह होतें. हें त्यास वहींत आंकडे मांडून दाखविलें, तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला.

संस्कृतांत 'पटु', 'पटुतर', 'पटुतम' अशीं रूपें होतात. 'पटुतर' म्हटलें कीं पंचमी मागते : कोणाहून? दुसऱ्याहून पटुतर, कीं कालच्या स्वतःहून पटुतर? पहिल्या शिडीवर एक उत्तर, दुसरीवर दुसरें. या 'तर' आणि 'तम' प्रत्ययांवरूनच आपला 'तारतम्य' हा शब्द झाला आहे. कोणती तुलना कोठें लावावी हें कळणें, हेंच तारतम्य.

दुसऱ्यास हें शिकवितांना आम्हांस आमचीच एक चूक आठवली. आम्ही वर्गशिक्षक असतांना एका मुलास संस्कृतांत पहिल्या परीक्षेंत २२, दुसरींत ३४ आणि वार्षिक परीक्षेंत ४७ गुण मिळाले. त्या वर्षीं सगळा वर्गच सुधारला होता, त्यामुळें त्याचा क्रमांक होता तेथेंच, एकेचाळिसावा राहिला. निकालाच्या दिवशीं आम्हीं भर वर्गांत क्रमांक वाचला. पुस्तकाचें नांव प्रगतिपुस्तक. पण त्यांतली प्रगति आम्हींही वाचली नाहीं आणि त्याच्या वडिलांनींही पाहिली नाहीं. जूनमध्यें तो शाळेंत आला नाहीं. त्यास एका दुकानांत कामास लाविल्याचें मागाहून कळलें. त्याचे पंचवीस गुण वाढले आहेत, हें त्यास सांगणें आमचें काम होतें. तें आम्हीं केलें नाहीं.

म्हणून कुलुपाचा प्रस्ताव आम्हीं मान्य केला नाहीं. घरांत तीन नियम मात्र ठरले. दिवसांतून एकच संच, म्हणजे पांच लढती. हरलेलें भरून काढण्यासाठीं सहावी नाहीं. प्रत्येक हारेचें कारण वहींत एका ओळींत लिहावयाचें. आणि घरांतल्या थोरांनीं मुलास "कितवा आलास?" हें पहिल्यानें विचारावयाचें नाहीं, आधीं "काय नवें कळलें?" हें विचारावयाचें. तिसरा नियम पाळणें सर्वांत कठीण जात आहे, आणि तें मुलास नव्हे.

परवां जेवतांना नातू म्हणाला, "आजोबा, आज रेटिंग एकोणीसशें वीस झालें." आम्हीं विचारलें, "आणि पाण्याच्या प्राण्यापुढें काय करावयाचें, तें कळलें का?"

"अजून नाहीं कळलें," असें म्हणून त्यानें आणखी एक पोळी वाढून घेतली.