पाटीवरची भाषा आणि दिवा नसलेली घरं

पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघा मित्रांनी भाड्याची गाडी घेऊन आयर्लंडचा पश्चिम किनारा पालथा घातला. डब्लिनहून गॉलवे, तिथून कॉनामारा, मग खाली क्लेअर, फेरीबोटीनं शॅनन नदी ओलांडून केरी आणि शेवटी डिंगल. या दिवसांत तिकडे पर्यटक जवळजवळ नसतात. पावणेनऊच्या आत उजाडत नाही आणि साडेचारला दिवस मावळतो. पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. कडे, मेंढ्या, दगडी बांध यांचे फोटो आधीच टाकलेत. इथे दुसरंच लिहायचंय, कारण आपल्याकडे मराठीवरून जे चाललंय त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

आयर्लंडभर रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत असतात. वर तिरक्या अक्षरांत आयरिश, खाली इंग्रजी. गॉलवे सोडून किनाऱ्याच्या रस्त्यानं पश्चिमेला निघालं की इंग्रजी गायब होते. गावांची नावं फक्त आयरिशमध्ये. ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ हे सांगणाऱ्या त्रिकोणी पाटीवरसुद्धा ‘गेल श्ली’. हा गेलताख्तचा भाग, म्हणजे जिथे आयरिश ही लोकांची रोजची भाषा आहे असं सरकारनं अधिकृतपणे ठरवलंय तो प्रदेश. आमच्यातला एक जण एकदम खूश. म्हणाला, “बघा, याला म्हणतात भाषेचा अभिमान. आपल्याकडे दुकानाच्या पाटीसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागतं!”

मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं असतं, पण थोडे आकडे माहीत होते.

१९३७ च्या राज्यघटनेनुसार आयरिश ही त्या देशाची राष्ट्रभाषा आणि पहिली अधिकृत भाषा आहे. इंग्रजी दुसरी. शाळेत पहिलीपासून शेवटपर्यंत आयरिश शिकवतात, मोजक्या सवलती सोडल्या तर सगळ्यांना. २००७ पासून ती युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे. स्वतंत्र भाषा कायदा आहे, आयरिश रेडिओ आहे, टीव्ही आहे. आपण मराठीसाठी जे जे मागतो त्यातलं बहुतेक सगळं त्यांच्याकडे आहे आणि कितीतरी वर्षं आहे.

आता दुसरी बाजू. २०२२ च्या जनगणनेत साधारण पावणेएकोणीस लाख लोकांनी ‘मला आयरिश येते’ असं सांगितलं, म्हणजे दर दहांत चार. पण शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे किती? सुमारे ७२ हजार. साडेएक्कावन्न लाखांच्या देशात! खुद्द गेलताख्तच्या एक लाखावर लोकवस्तीत हा आकडा सुमारे २० हजार आहे.

याला इतिहास आहेच. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. सगळ्यात जास्त फटका बसला तो पश्चिमेच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या लोकांना. त्याच्या आधीपासूनच शाळा इंग्रजीत चालत होत्या आणि अमेरिकेला जायचं तर इंग्रजीच उपयोगाची होती. आईबापांनी स्वतःहून मुलांशी इंग्रजी बोलायला सुरुवात केली. हे सगळं खरं. पण तो दुष्काळ संपून पावणेदोनशे वर्षं झाली, स्वतःचं राज्य येऊन शंभर. तरी गेलताख्त आज का आटतोय?

याचं निदान एक उत्तर हिवाळ्यात गाडीतून दिसतं, उन्हाळ्यात दिसत नाही. संध्याकाळी पाच वाजता किनाऱ्याच्या रस्त्यानं जाताना घरं मोजली तर ओळीनं चार-पाच घरं अंधारात, मग एका घरात दिवा. घरं पडकी नाहीत. उत्तम रंग दिलेली, समुद्राकडे मोठ्या काचा, अंगणात फरशी. ही सुट्टीची घरं. मालक डब्लिनला किंवा परदेशात. जून ते ऑगस्ट उघडणार, बाकी बंद. अख्ख्या देशात जनगणनेच्या रात्री रिकामी सापडलेली अशी सुट्टीची घरं ६६ हजारांच्या वर होती आणि ती जास्त करून याच पश्चिम किनाऱ्याच्या काउंट्यांत आहेत.

आम्ही कॉनामारात जिथे उतरलो, त्या काकूंना मी विचारलं की इथली तरुण मुलं कुठे आहेत. त्यांचा मुलगा गॉलवे शहरात भाड्यानं राहतो. गावात घर मिळत नाही. विकत घ्यायचं तर डब्लिनच्या पगाराशी स्पर्धा, भाड्यानं घ्यायचं तर मालकाला पर्यटकांकडून आठवड्याला जास्त मिळतं. काकू आमच्याशी इंग्रजी बोलत होत्या, फोनवर बहिणीशी आयरिश. नातवंडं मात्र आजीशीही इंग्रजीतच बोलतात. नातवंडांना आयरिशचा तिटकारा नाही, शाळेत मार्क चांगले आहेत. पण ज्या अंगणात ती भाषा खेळताना कानावर पडली असती, त्या अंगणात ती वाढलीच नाहीत.

इथे पर्यटनाला शिव्या घालायचा हेतू नाही. त्या काकूंचं घर आमच्यासारख्यांच्या पैशावर चालतं, हे त्यांनीच सांगितलं. पण पर्यटक दोन रात्री राहून जातो. शाळेला पट लागतो तो बारा महिने राहणाऱ्या कुटुंबांचा.

डिंगलच्या पुढे स्ली हेडच्या रस्त्यावरून समोर ग्रेट ब्लॅस्केट बेट दिसतं. या इवल्याशा बेटानं आयरिश भाषेला गाजलेली आत्मचरित्रं दिली. तोमास ओ क्रिहन, पेग सेयर्स, मॉरिस ओ सुलिवान. भाषा शिकायला परदेशातून विद्वान तिथे येऊन राहायचे. भाषा इतकी अस्सल की अभिजात म्हणावी. आणि माणसं? दीडशेच्या वर असलेली वस्ती घटत गेली, तरुण अमेरिकेत स्प्रिंगफील्डला गेले. १९४६-४७ च्या हिवाळ्यात एक तरुण आजारी पडला आणि वादळामुळे डॉक्टर बेटावर पोचू शकला नाही. तो गेला. १९५३ मध्ये सरकारनं उरलेल्या मूठभर लोकांना मुख्य भूमीवर हलवलं. पुस्तकं आजही छापली जातात, बेटावर वस्ती नाही.

पाट्यांचा किस्साही डिंगलचाच. २००५ मध्ये सरकारी आदेश लागू झाला की गेलताख्तमध्ये गावांची अधिकृत नावं फक्त आयरिश. डिंगलचं ‘अन डँगन’ झालं. गावकरी चिडले, कुणी पाट्यांवर रंगानं ‘डिंगल’ लिहून ठेवलं. २००६ मध्ये मतदान झालं, नव्वद टक्क्यांहून जास्त मतं आदेशाच्या विरोधात पडली. २०११ मध्ये कायदा करून दोन्ही नावं परत आणावी लागली. सहा वर्षं भांडण पाटीवर. त्या सहा वर्षांत तिथे घरं कुणाला विकली जातायत, यावर इतका गदारोळ झालेला नाही.

मग काही उपयोगी पडलंच नाही का? पडलं. १९६९ मध्ये कॉनामारातल्या तरुणांनी नागरी हक्कांची चळवळ उभी केली आणि भाषेसोबत रोजगार मागितला. १९७० मध्ये त्यांनी स्वतःचं बेकायदा रेडिओ केंद्र चालवून दाखवलं, दोन वर्षांत सरकारला आयरिश रेडिओ सुरू करावा लागला. १९९६ मध्ये आयरिश टीव्ही वाहिनी आली. महत्त्वाचं म्हणजे दोन्हींची मुख्यालयं डब्लिनला न नेता कॉनामारातच ठेवली, आम्ही गेलो त्याच किनाऱ्याच्या रस्त्याला. त्यामुळे कॅमेरामन, संकलक, निर्माते अशा कामांवर गावात राहून, आयरिश बोलून पोट भरता येऊ लागलं. गॉलवे काउंटीत नव्या गृहप्रकल्पांना परवानगी देताना काही घरं ठरावीक वर्षं आयरिश बोलणाऱ्यांसाठीच ठेवण्याची अटही घालतात. पुरेसं नाही, पण दिशा बरोबर आहे. भाषा राखायची तर तिची माणसं तिथे राहू शकली पाहिजेत, एवढं तरी यात मान्य केलंय.

आता आपल्याकडे या. मराठी काही आयरिश नाही. २०११ च्या जनगणनेत आपण आठ कोटींच्या वर होतो, उगाच रडगाणं गायची गरज नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे. पाट्या मराठीत झाल्या, व्हायलाच हव्या होत्या. पहिलीपासून हिंदीचा निर्णय २०२५ मध्ये मागे घ्यायला लावला, तेही चांगलं झालं. पण या तिन्ही गोष्टी मिळाल्यावर आपण गप्प बसतो, हा माझा आक्षेप आहे.

लालबाग-परळची चाळ पाडून टॉवर झाला, त्यावर मराठीत ‘अमुक हाइट्स’ लिहिलं आणि चाळीतलं कुटुंब बदलापूरला गेलं, तर मराठीचं काय भलं झालं? परळमधल्या मराठी शाळेचा पट कमी झाला की आपण आईबापांच्या इंग्रजीच्या वेडाला दोष देतो. ते वेड आहेच. पण त्या शाळेच्या आसपास आता किती मराठी आईबाप राहू शकतात, हे कुणी विचारत नाही. कोकणात कुलूपबंद घरं आपल्याच चाकरमान्यांची आहेत, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. पण समुद्राकाठची जमीन विकून तिथे बंगले उठले की ती घरं गणपतीलाही उघडणार नाहीत.

म्हणून भाषेच्या नावानं मत मागायला येईल त्याला तीन प्रश्न विचारा. पुनर्विकासात जुना भाडेकरू त्याच वॉर्डात राहील याची हमी काय? मराठीतून शिकलेल्या मुलाला तालुक्याच्या गावी पोटापुरतं काम कुठे आहे? आणि रिकाम्या पडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या घरावर तुम्ही काही कर लावणार का? यावर उत्तर नसेल तर त्याचं भाषाप्रेम पाटीपुरतं आहे असं समजा.

तुमच्या गावात, तुमच्या जुन्या वाडीत आज किती घरांत बारा महिने दिवा लागतो? खरा आकडा खाली लिहा. पोस्ट आवडली नाही तरी चालेल, आकडा लिहा.