बोध नको, गोष्ट द्या

विज्ञानकथेचे शत्रू मला परवडतात, कैवारी परवडत नाहीत. शत्रू निदान सरळ बोलतात. ‘या वयात यानं आणि ड्रॅगन?’ एवढं म्हणून ते आपापल्या एकटेपणाच्या कादंबरीकडे वळतात. कैवारी मात्र समजूत काढल्यासारखं सांगतात, ‘वाचावी हो, वैज्ञानिक दृष्टिकोन वाढतो.’ वाढत असेल. मी मजा येते म्हणून वाचते, आणि हे कबूल करायची आपल्या साहित्यिक वर्तुळात जेवढी लाज वाटते, तेवढी वाङ्मयचौर्याचीही वाटत नाही.

फ्रँक हर्बर्टची १९६५ सालची ‘ड्यून’ घ्या. वीसेक प्रकाशकांनी साभार परत केलेली ही कादंबरी शेवटी छापली ती मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या चिल्टन कंपनीने. रसिकतेचा मक्ता कुणाकडे असतो, ते यावरून ओळखा. तिच्यात वाळवंटी ग्रहावरचा एक टोळीप्रमुख भर बैठकीत ड्यूकच्या मेजावर थुंकतो. आता शस्त्रं निघणार, तेवढ्यात उलगडा होतो. जिथे अंगावरचा पोशाख घामसुद्धा गाळून परत प्यायला देतो, तिथे थुंकणं म्हणजे देहातलं पाणी अर्पण करणं. तो अपमान नव्हता, मान होता! एका पानात माझ्या सगळ्या सवयी उलट्यापालट्या होतात. हे सुख दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मला इतकं रोकडं मिळालेलं नाही. यावर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘म्हणजे पाणीटंचाईचं भान देणारी कादंबरी!’ अहो, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ते भान यायला मला परग्रहावर जायची गरज नव्हती.

अर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’चंही तेच. लिंगभावावर तिच्यात काय म्हटलंय, हे सांगणारे ढिगाने भेटतात. मला आठवतात ते बर्फावरून घसरगाडी ओढत निघालेले दोघं, आणि संपत आलेला शिधा.

आपल्याकडे या आनंदाला शिकवणीला बसवलं गेलं. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने विज्ञानकथेला आसरा दिला, हे तिचे उपकारच. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ तिथेच पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पण आसऱ्याबरोबर घरमालकाचे नियमही आले. कथेने विज्ञान शिकवलंच पाहिजे. मग ऐन संकटात एक शास्त्रज्ञ थांबतो आणि दुसऱ्या शास्त्रज्ञाला ते समजावून सांगतो, जे त्या बिचाऱ्याला बी.एस्सी.पासून पाठ असतं. पुढे नारळीकरांना साहित्य अकादमी मिळाली ती आत्मचरित्राला. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपदही दिलं. सत्कार भरपूर झाले. त्यांच्या कादंबऱ्यांवर कादंबरी म्हणून भांडायला मात्र फारसं कुणी पुढे आलं नाही.

अद्भुताची गत याहून वाईट. नारायण धारपांची पुस्तकं वाचनालयांत हाताळून हाताळून खिळखिळी झाली, पण ‘अभिजात’ म्हणून कुणी त्यांचं नाव घेतलं तर भुवया वर जातात. याच भुवया २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा कौतुकाने वर गेलेल्या मी पाहिल्या. त्या चित्रपटाची प्रेरणा धारपांची कथा आहे म्हटल्यावर एका विद्वानाने ताबडतोब छायाचित्रणाचा विषय काढला. (छायाचित्रण उत्तमच आहे, तो मुद्दा नाही.)

दिवाळी अंकांच्या संपादकांना एवढीच विनंती आहे. विज्ञानकथा मागवताना बोध मागू नका, आणि ती ‘बालकुमार’ विभागात तर मुळीच टाकू नका. ज्यांना विज्ञान शिकायचं आहे, त्यांच्यासाठी बालभारतीची पुस्तकं आहेत. ती स्वस्तही असतात.