युद्धात मेलेल्या माणसाचे मूल्य किती?

युद्धाची भाषा सुरू झाली की राज्यकर्त्यांच्या तोंडी सर्वांत आधी येणारा शब्द असतो 'स्वातंत्र्य' आणि सर्वांत शेवटी ज्याची आठवण होते तो असतो सामान्य नागरिक! २००३ साली अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा त्या मोहिमेचे नावच 'इराकी स्वातंत्र्य' असे ठेवले होते. ज्यांच्या नावाने हे स्वातंत्र्य जाहीर झाले, त्यांच्यापैकी किती जण ते पाहण्यासाठी जिवंत उरले, याचा हिशेब मात्र स्वातंत्र्य देणाऱ्यांनी ठेवला नाही.

इराकचे उदाहरण आज पुन्हा तपासण्याचे कारण आहे. त्या युद्धाचे बहुतेक पुरावे आता जगासमोर आलेले आहेत आणि युद्धाच्या बाजूने तेव्हा केलेले युक्तिवाद नंतरच्या प्रत्येक युद्धात जसेच्या तसे वापरले गेले आहेत. युक्रेन असो, गाझा असो किंवा मे २०२५ मधला भारत-पाकिस्तान संघर्ष असो, वाहिन्यांवरच्या चर्चेत आणि चौकातल्या कट्ट्यावर वाद त्याच रुळावरून धावतो. म्हणून हा वाद कसा केला जातो आणि कसा केला पाहिजे, याचा विचार फुले-आंबेडकरी चळवळीने स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

न्यायालयाचा साधा नियम असा, की जो आरोप करतो त्याने तो सिद्ध करावा. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर इराककडे महासंहारक शस्त्रे असल्याचा आरोप मांडला. त्या वेळी हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखालील तपासणी पथक प्रत्यक्ष इराकमध्ये काम करत होते. त्यांना असा साठा सापडला नव्हता आणि ते आणखी काही महिन्यांचा अवधी मागत होते. तो दिला गेला नाही. मार्चमध्ये बाँब पडू लागले. पुढे २००४ साली अमेरिकेच्याच शोधपथकाने असे साठे नसल्याचा अहवाल दिला. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीनेही शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध सुरू केले गेले, असा निष्कर्ष २०१६ मध्ये काढला.

एखाद्या खटल्यात मूळ आरोपाला पुरावाच मिळाला नाही तर आरोपी सुटतो. इथे काय झाले? शिक्षा आधीच अमलात आली होती, म्हणून आरोपच बदलण्यात आला! शस्त्रे सापडली नाहीत तेव्हा इराकी जनतेचे स्वातंत्र्य हेच युद्धाचे मुख्य कारण म्हणून पुढे करण्यात आले. सद्दाम हुकूमशहा होता, यात वाद नाही. मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे विषारी वायूने हजारो कुर्द नागरिकांना त्याच्या राजवटीने ठार मारले. परंतु त्या काळात इराण-इराक युद्धात अमेरिकेची मदत सद्दामलाच होत होती. तेव्हा कुर्दांचे स्वातंत्र्य कोणाला आठवले नाही. पंधरा वर्षांनी ते आठवले, ते स्वतःच्या सोयीने. दुसऱ्याचे स्वातंत्र्य ज्याला केवळ सोयीच्या वेळी आठवते, त्याच्या तोंडी तो शब्द शोभत नाही. गावातल्या पाटलाला आपली आठवण निवडणुकीच्या आदल्या रात्रीच कशी होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता मृतांकडे येऊ. जनरल टॉमी फ्रँक्स यांना २००२ साली अफगाणिस्तानात मृतांच्या संख्येविषयी विचारण्यात आले, तेव्हा आम्ही प्रेते मोजत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. डिसेंबर २००५ मध्ये अध्यक्ष बुश यांना इराकी मृतांचा आकडा विचारला गेला. त्यांनी 'तीस हजार, कमी-अधिक' असे सांगितले. कमी-अधिक! अमेरिकेचा एक सैनिक मेला तर त्याचे नाव, वय, गाव यांची नोंद होते, आणि ती व्हायलाच हवी. इराकी माणसाच्या वाट्याला मात्र 'कमी-अधिक' आले. सरकारने मोजले नाही म्हणून इतरांनी मोजले. 'इराक बॉडी काउंट' या गटाने बातम्या आणि नोंदी तपासून हिंसाचारात मेलेल्या नागरिकांची यादी ठेवली. ती संख्या पुढे दोन लाखांच्या घरात गेली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील २००६ च्या पाहणीने युद्धामुळे झालेल्या जादा मृत्यूंचा अंदाज साडेसहा लाखांवर नेला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या पाहणीने जवळपास त्याच काळातील हिंसक मृत्यूंचा अंदाज दीड लाख सांगितला. मग वाद सुरू झाला तो पाहणीच्या पद्धतीवर. आकडा फुगवला की नाही, यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. ज्यांनी मोजण्याचे कर्तव्यच टाळले, त्यांनी मोजणाऱ्यांच्या चुका काढाव्यात, हा कुठला न्याय?

१९ नोव्हेंबर २००५ रोजी हदीथा येथे अमेरिकी सैनिकांनी २४ नागरिकांना ठार केले. त्यात स्त्रिया होत्या, लहान मुले होती. सैन्याचे पहिले निवेदन होते की रस्त्यातल्या बाँबने १५ नागरिक मेले. पत्रकारांनी पाठपुरावा केला म्हणून खरे बाहेर आले. आठ जणांवर आरोप ठेवले गेले. शेवटी एकालाही तुरुंगवास झाला नाही. हे वाचताना आपल्याला ११ जुलै १९९७ चे घाटकोपरचे रमाबाई नगर आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे मेली आणि टँकर जाळले जाणार होते, हे कारण लगोलग पुढे करण्यात आले. युद्ध आणि गोळीबार यांचे प्रमाण वेगळे असेल, रीत एकच आहे. आधी कारण तयार होते, मग मृतांची नावे कळतात, आणि शिक्षेची वेळ येते तेव्हा सगळे विसरलेले असतात.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाला एका विसंगतीचा इशारा दिला. राजकारणात एक व्यक्ती, एक मत आणि एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करू, पण सामाजिक व आर्थिक जीवनात एक व्यक्ती, एक मूल्य हे तत्त्व नाकारत राहू, असे त्यांचे म्हणणे होते. आमचा आग्रह आहे की हे तत्त्व स्मशानातही लागू झाले पाहिजे. बगदादमधला भाजीवाला, न्यूयॉर्कच्या मनोऱ्यात मेलेला कारकून, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये मारले गेलेले सुमारे बाराशे लोक, त्यानंतर गाझात मेलेली हजारो मुले, पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी अतिरेक्यांनी ठार केलेले २६ जण आणि मे महिन्यात पूंछमध्ये तोफगोळ्यांनी मेलेले गावकरी, यांतल्या प्रत्येकाचे मूल्य एक आहे. कोणाचेही सव्वा नाही आणि कोणाचेही पाऊण नाही. ज्याला आपल्या बाजूचे प्रेत दिसते आणि पलीकडचे दिसत नाही, त्याने जातिव्यवस्थाच सीमेपर्यंत नेली, असे म्हणावे लागेल.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही बौद्ध, तुम्ही युद्धाच्या विरोधातच बोलणार. हा गैरसमज आहे. ज्या समाजाच्या नावाने १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तो समाज शस्त्राला भिणारा नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझीवाद हरला पाहिजे, अशी बाबासाहेबांची ठाम भूमिका होती आणि १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. पण याचा अर्थ गरज सिद्ध करण्याची जबाबदारी शस्त्र उचलणाऱ्यावर येते. इराकमध्ये ती सिद्ध झाली नाही.

आणि मोजण्याविषयी म्हणाल, तर सम्राट अशोकाचा आदर्श आपल्यासमोर आहे. कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसे नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट मरण पावली, हे त्याच्या शत्रूने लिहिलेले नाही. विजेत्या राजाने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतः कोरून ठेवले. जे वाचले त्यांच्या आप्तांचे दुःखही त्याने नोंदवले. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एक राजा आपण मारलेली माणसे मोजतो आणि पश्चात्ताप जाहीर करतो, तर उपग्रहातून मोटारीची नंबरप्लेट वाचण्याची फुशारकी मारणाऱ्यांना प्रेते मोजता येत नाहीत, हे कसे पटावे?

युद्धाचा दुसरा बळी असतो स्वतःच्याच देशातील व्यक्तिस्वातंत्र्य. 'तुम्ही आमच्या बाजूने आहात की दहशतवाद्यांच्या?' असा प्रश्न सप्टेंबर २००१ मध्ये जगाला विचारण्यात आला. त्याच महिन्यात अमेरिकी प्रतिनिधीगृहात लष्करी बळाचा अधिकार देणारा ठराव ४२० विरुद्ध १ मतांनी संमत झाला. विरोधातले ते एक मत कृष्णवर्णीय सदस्या बार्बरा ली यांचे होते. त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावे लागले. त्या ठरावाच्या आधारे पुढे वीस वर्षे देशोदेशी कारवाया होत राहिल्या, तेव्हा त्या एका मताची किंमत लोकांना कळली.

आपल्याला हा प्रसंग नवा नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत तंटा झाला तेव्हा शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने दोन्ही बाजूंच्या पंचांकडून चौकशीचा मार्ग सुचवला. बाबासाहेबांनी हा प्रसंग सविस्तर मांडला आहे. ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला, सैन्यभरतीचा हुकूम निघाला, आणि विरोध करणाऱ्या सिद्धार्थाला धमकी मिळाली ती कुटुंबावर सामाजिक बहिष्काराची आणि जमीन जप्तीची. बहिष्कार आणि जप्ती! विरोधकाला गप्प करण्याची ही दोन हत्यारे आपल्या वाडवडिलांनी अंगावर झेललेली आहेत. सिद्धार्थाने देश सोडणे पत्करले, मत सोडले नाही.

कायद्याच्या इतिहासातही हेच दिसते. १९४१ साली लंडनवर बाँबहल्ल्यांची छाया असताना लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी एकट्याने सांगितले की युद्धकाळातही नागरिकाला डांबण्याची कारणे न्यायालय तपासू शकते. पुढे इंग्लंडच्या न्यायालयांनी त्यांचेच मत योग्य मानले. आपल्याकडे १९६२ च्या चीन युद्धात चिनी वंशाच्या हजारो रहिवाशांना, त्यात भारतात जन्मलेलेही होते, राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. एकही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. आणि मे २०२५ मध्ये पुण्यातील एका विद्यार्थिनीने संघर्षाविषयीचा मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठवला म्हणून तिला अटक झाली, महाविद्यालयाने काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या सुटकेचे आदेश दिले आणि सरकारवर कडक ताशेरे ओढले. मजकूर कोणाला आवडला नसेल, तिने तो काढून माफीही मागितली होती. पण संविधानाचे १९ वे आणि २१ वे कलम सीमेवर तोफा धडधडू लागल्या म्हणून रजेवर जात नाही, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

तेव्हा समाजबांधवांनो, पुढच्या वेळी कोणी युद्धाच्या बाजूने तावातावाने बोलू लागला तर त्याच्याशी शिवीगाळ करू नका. आपल्याला बाबासाहेबांनी युक्तिवाद शिकवला आहे. त्याला तीन प्रश्न विचारा. आरोपाचा पुरावा कुठे आहे आणि तो कोणी तपासला? मेलेले नागरिक दोन्ही बाजूंनी कोण मोजणार आणि त्यांच्या मृत्यूचा जाब कोण देणार? आणि हे प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य युद्ध संपेपर्यंत शाबूत राहील, याची हमी काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे जो देईल, त्याच्या म्हणण्याचा विचार जरूर करा. जो उत्तराऐवजी तुम्हाला देशद्रोही म्हणेल, त्याची बाजू लंगडी आहे, हे तिथेच सिद्ध झाले.

युद्धावर जाणारी मुले शेतकऱ्यांची, मजुरांची, बहुजनांची असतात. तोफगोळा पडतो तो झोपडीवर पडतो. महागाईचा भार येतो तो हातावर पोट असणाऱ्यावर येतो. म्हणून हे प्रश्न विचारण्याचा सर्वांत मोठा हक्क आपलाच आहे, आणि तो आपण बजावलाच पाहिजे.

जय भीम!